मिस्त्री आणि गिऱ्हाईक

आजच्या भाषणाचा विषय कोणास फारसा भारदस्त वाटणार नाहीं. मोटार दुरुस्तीस टाकली असतां गॅरेजमधील मिस्त्री गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवीत नाहीं, अशा वेळीं गिऱ्हाइकानें कसें वागावें, हा तो विषय होय. मी कांहीं यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उतरलों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें, आणि सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून पस्तीसांवर वर्षें मुलें शिकवून निवृत्त झालों. एवढेंच माझें भांडवल. तेव्हां मोटारीविषयीं बोलण्याचा या गृहस्थाला अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनांत आला तर तो रास्तच आहे. मौज एवढीच कीं, गॅरेजच्या दारांत पाऊल टाकतांच मिस्त्रीहि आपणां सर्वांना मनांतल्या मनांत हाच प्रश्न विचारीत असतो. त्याचें उत्तर कसें द्यावें, हें मला बऱ्याच उशिरां उमगलें. आणि तें ज्या प्रसंगानें उमगलें तो प्रसंग सांगण्यासाठींच मी आज आपणांपुढें आलों आहें.

प्रथम मिस्त्रीची बाजू मांडतों, कारण ती मांडल्याशिवाय पुढें बोलणें न्यायाचें होणार नाहीं. शिंप्यानें बाही आंखूड शिवली तर आपण आरशांत पाहून तें त्याला दाखवूं शकतों. गवंड्याची भिंत कलली तर ओळंबा लावतां येतो. पण मोटारीचें झांकण उघडून मिस्त्री आंत वांकला म्हणजे तो काय पाहतो, काय करतो, हें आपल्याला दिसत असूनहि दिसत नाहीं. ज्याला दिसत नाहीं तो एक तर आंधळा विश्वास ठेवतो, नाहीं तर आंधळा संशय घेतो. गिऱ्हाइकांचे हे दोनच प्रकार मिस्त्रीच्या रोजच्या परिचयाचे. आणि यांपैकीं दुसऱ्या प्रकारांत मी स्वतः एकदां मोडलों होतों.

आमच्या घरीं २०१८ सालीं मोटार आली. माझ्या कन्येनें आपल्या पगारांतून घेतलेली ती जुनी, लहानशी पेट्रोलची गाडी. पुढच्या वर्षींच्या मे महिन्यांत आम्ही दुपारच्या उन्हांतून साताऱ्याहून परत आलों आणि गाडी आंब्याच्या सावलींत उभी केली. पाहतों तों पुढच्या अंगाला खालीं पाण्याचें थारोळें साचूं लागलेलें. मी तडक गाडी घेऊन गॅरेज गांठलें आणि फर्मान सोडलें, "रेडिएटर फुटला आहे. बदलून टाका." मिस्त्रीनें खालीं वांकून बोटावर थेंब घेतला आणि विचारलें, "गुरुजी, एसी चालू होता का? हें एसीचं पाणी आहे." मला तो अपमान वाटला. रेडिएटर तपासलाच पाहिजे असा मीं हट्ट धरला. त्यानें रेडिएटरला दाब देऊन अर्धा तास ठेवलें. एक थेंब गळला नाहीं. मजुरी देऊन मी मान खालीं घालून घरीं आलों.

वस्तुतः गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब कां जमतात, हा पाठ मीं सातवीच्या वर्गाला कितीदां शिकविला असेल! एसीच्या थंड नळ्यांवर हवेंतील बाष्प तसेंच जमतें आणि नळीवाटे खालीं गळतें. तें पाणी निर्मळ असतें. रेडिएटरमधील कुलंट हिरवा, तांबडा किंवा निळा रंगविलेला आणि बोटाला बुळबुळीत लागणारा असतो. (तो विषारी आहे, म्हणून त्याची चव मात्र कोणीं घेऊं नये.) पाण्याचा रंग पाहिला असता तर मला माझें उत्तर घरींच मिळालें असतें. पण मी गॅरेजमध्यें थेंब घेऊन गेलों नाहीं, निकाल घेऊन गेलों.

मिस्त्रीच्या शंकेचें मूळ येथें आहे. दिवसभरांत त्याच्यापुढें असे निकाल घेऊन येणारे किती तरी येत असतील. कोणी शेजाऱ्याचें ऐकून येतो, कोणी मोबाईलवर चित्रफीत पाहून येतो. "प्लग बदला," "पंप बदला," अशी आज्ञा होते. मिस्त्रीनें ती पाळली आणि दोष तसाच राहिला, तर तेंच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं येऊन म्हणतें, "तुम्हांला काम येत नाहीं." शिवाय गिऱ्हाइकाची भाषाहि संदिग्ध असते. "गाडी ओढत नाहीं" या तीन शब्दांचा अर्थ क्लच घसरतो असा होऊं शकतो, पेट्रोलची जाळी तुंबली आहे असा होऊं शकतो, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक अडकून राहिला आहे असाहि होऊं शकतो. म्हणून अनुभवी मिस्त्री गिऱ्हाइकाचें बोलणें एका कानानें ऐकतो आणि दुसऱ्यानें सोडून देतो. ही संवय वाईट खरी, पण ती त्याला लावण्यांत आपलाहि हात आहे.

आतां दुसरी बाजू. २०२३ सालच्या पावसाळ्यांत आमची गाडी सुरू होईना. म्हणजे नेहमींच होईना असें नव्हे. चार दिवस बिनतक्रार चाले, आणि पांचव्या दिवशीं किल्ली फिरवली कीं नुसता 'कट्' असा आवाज होऊन सेल्फ मुकाट बसे. दोनतीनदां प्रयत्न केल्यावर एखादे वेळीं इंजिन सुरू होई. माझी कन्या एका ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका आहे. रुग्णालय घरापासून अकरा किलोमीटरांवर. पाळी दिवसाची असो वा रात्रीची, तिला वेळेवर पोहोंचावें लागतें. तेव्हां ही तक्रार आमच्या घरीं किरकोळ नव्हती.

रुग्णाचा ताप, नाडी आणि रक्तदाब वेळ घालून लिहून ठेवण्याची तिला संवय. तिनें दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर गाडीचीहि तशीच नोंद ठेवली. कोणत्या दिवशीं गाडी अडली, आदल्या रात्रीं पाऊस होता कीं नव्हता, इंजिन गार होतें कीं ऊन. या नोंदींत एक गोष्ट तिनें दोनदां अधोरेखित केली होती : किल्ली फिरवितांना पुढचे दिवे मुळींच मंद होत नाहींत.

आम्ही दोघें गॅरेजमध्यें गेलों. बोलत होती ती. मिस्त्री पाहत होता माझ्याकडे. "गुरुजी, बॅटरीला किती वर्षं झाली?" उत्तर तिनें दिलें, "साडेतीन." त्यावर तो पुन्हां मलाच म्हणाला, "मग बॅटरी बसली." ती म्हणाली, "पण बॅटरी बसली असती तर सेल्फ मारतांना दिवे मंद झाले असते. ते तर लख्ख राहतात." मिस्त्री हंसला. "ताई, व्हिडिओ बघून गाडी दुरुस्त होत नसते."

श्रोतेहो, यानंतर मी काय बोललों तें सांगण्यास मला आज लाज वाटते. मी म्हणालों, "अगं, त्यांचं रोजचं काम आहे. त्यांना करूं दे." ती गप्प बसली.

नवी बॅटरी बसविली, पांच हजार रुपये गेले, आणि बारा दिवस गाडी उत्तम चालली. मी मनांत म्हणालों, पाहा, मिस्त्रीचेंच खरें. तेराव्या दिवशीं पुन्हां 'कट्'. आतां मिस्त्रीनें सेल्फ खोलला, आंतले ब्रश बदलले, तीन हजार रुपयांचें बिल दिलें. आठ दिवस ठीक गेले. नवव्या दिवशीं रात्रीं दोन वाजतां रुग्णालयांतून दूरध्वनी आला. एक बाई अडली होती, आणि त्या रात्रींची परिचारिका स्वतःच तापानें आडवी झाली होती. कन्या धांवत खालीं गेली, किल्ली फिरवली, आणि गाडी 'कट्' म्हणून थांबली. बाहेर पावसाची झड लागलेली. अखेर शेजारच्या मुलाला उठवून त्याच्या मोटारसायकलीवर ती भिजत गेली. पोहोंचायला चाळीस मिनिटें उशीर झाला. दैवयोगानें डॉक्टर तेथेंच होते. आई आणि मूल दोघेंहि सुखरूप राहिलीं.

सकाळीं ती परत आली, तेव्हां अंगावरचे कपडे अंगावरच वाळले होते. चहाचा पेला हातांत घेऊन ती इतकेंच म्हणाली, "बाबा, गॅरेजवाल्यानं माझं ऐकलं नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तो मला ओळखत नाही. तुम्ही तर ओळखतां."

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्याच दिवशीं दुपारीं आम्ही पुन्हां त्याच गॅरेजमध्यें गेलों. या खेपेस मीं मिस्त्रीला आरंभींच सांगितलें, "गाडी हिची आहे, चालविते ही, तक्रारहि हिचीच आहे. आपण हिच्याशीं बोला." आणि मी बाजूच्या बांकावर जाऊन बसलों. मला वाटलें होतें कीं ती रागावून बोलेल, आणि रागावण्याचा तिला हक्कहि होता. पण ती शांतपणें म्हणाली, "मिस्त्री, तुमचं खरं कीं माझं खरं हा वाद आपण घालूंच नये. तुमच्याकडे मीटर आहे ना? त्याची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, दुसरी इंजिनाच्या अंगावर, आणि मी सेल्फ मारते. आंकडा अर्ध्या व्होल्टच्या आंत आला तर मी चुकलें. मग तुम्ही म्हणाल तें काम करा. तपासायची जी मजुरी होईल ती मी दोन्ही प्रकारें देईन."

मिस्त्री क्षणभर घुटमळला. मग त्यानें पोराला हांक मारून मीटर आणविलें. तिनें किल्ली फिरवली. मीटरवर अडीच व्होल्ट दिसले. त्यानें पुन्हां मारावयास सांगितलें. पुन्हां तोच आंकडा. तो कांहीं न बोलतां गाडीखालीं शिरला आणि पांच मिनिटांनीं हातांत एक जाड काळी वायर घेऊन बाहेर आला. बॅटरीचें निगेटिव्ह टोंक जिनें इंजिनाला जोडलेलें असतें तीच ही वायर. गॅरेजवाले हिला अर्थची वायर म्हणतात. तिचें गिअरबॉक्सवर आवळलेलें टोंक पावसापाण्यानें आणि चिखलानें हिरवें पडलें होतें. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें तर जसें कळकतें, त्याच जातीचा तो हिरवा कळंक. जागा कानशीनें घांसून त्यानें नवी वायर बसविली. खर्च चारशे रुपये. ही गोष्ट घडून दोन वर्षें उलटलीं. गाडी पुन्हां अडलेली नाहीं.

आपल्यापैकीं अनेकांना यामागील कारण जाणण्याची इच्छा झाली असेल, म्हणून शिक्षकाच्या जुन्या खोडीप्रमाणें तें थोडक्यांत सांगतों. बॅटरींतून निघालेला विद्युत्प्रवाह सेल्फमध्यें जातो आणि इंजिनाच्या धातूच्या अंगांतून, या अर्थच्या वायरीवाटे, बॅटरीकडे परत येतो. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची तितकीच परतण्याचीहि. लहान मोटारीचा सेल्फदेखील इंजिन फिरवितांना शंभराच्या वर अँपिअर प्रवाह मागतो. जर्मन शिक्षक जॉर्ज ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम लावून पाहा : परतीच्या वाटेंत ओमचा अवघा एक शतांश इतका अडथळा आला, तरी शंभर अँपिअरला एक व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो. आमच्या गाडींत बारांपैकीं अडीच व्होल्ट त्या हिरव्या कळंकांत बुडत होते. सेल्फला उरलेल्या दाबावर इंजिन फिरवणें कधीं जमे, कधीं जमत नसे.

मग दिवे लख्ख कां राहत? कारण दिव्यांचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यांतून निराळ्या वाटेनें परततो, आणि पुढच्या दोन्ही दिव्यांना मिळून दहाएक अँपिअर पुरतात. बॅटरीच अशक्त असती तर तिचा दाब सर्वांसाठींच घसरला असता आणि दिवे मिणमिणले असते. कन्येनें अधोरेखित केलेल्या त्या एका ओळींत रोगाचें सारें निदान होतें. नव्या बॅटरीनें बारा दिवस जो गुण आला तो तिच्या ताज्या जोरामुळें. आणि सेल्फ खोलतांना शेजारचें तें टोंक हललें, घांसलें गेलें, म्हणून पुढचे आठ दिवस बरे गेले. अर्थाचा अनर्थ म्हणतात तो असा!

या प्रसंगावरून मी जें शिकलों, तें आतां आपणांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट ही कीं, गॅरेजमध्यें निकाल नेऊं नये, निरीक्षण न्यावें. गाडींतून घूं घूं असा आवाज येतो असें समजा. "बेअरिंग गेली," असें म्हणण्याऐवजीं घरून चार गोष्टी पाहून जाव्या. वेग तोच ठेवून गिअर बदलला तर आवाज बदलतो काय? बदलला तर संशय इंजिनाकडे. न बदलला तर चाकांकडे. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जात बदलते काय? बदलत असेल तर बहुधा टायर बोलत आहेत. डावीकडे वळतांना आवाज वाढतो काय? डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हां आवाज वाढत असेल तर उजव्या बाजूची बेअरिंग पाहावी. आमच्या भागांतील पसरणीचा घाट एकदां चढून उतरलें, कीं वळणें मोजतां मोजतां ही परीक्षा आपोआप होते. मिस्त्रीला आपण एवढें सांगितलें तर त्याचें अर्धें काम हलकें होतें, आणि आपल्याविषयींची त्याची शंकाहि अर्धी कमी होते. कारण निरीक्षणाशीं भांडतां येत नाहीं. भांडण होतें तें निकालाशीं.

दुसरी गोष्ट, विश्वास मागूं नये, माप मागावें. "माझें ऐका" असें म्हटलें कीं मिस्त्रीचा मान दुखावतो. "मोजून पाहूं या" असें म्हटलें तर कोणाचाच मान जात नाहीं. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू असतां तेथें साधारण १४ व्होल्ट दिसावे. ब्रेकच्या पॅडची जाडी मिलिमीटरांत मोजतां येते. नव्या गाड्यांना यंत्र लावून दोषाचा आंकडा वाचतां येतो. मात्र या आंकड्याविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. तो आंकडा कोठें बिघाड जाणवतो तें सांगतो, कोणता पार्ट बदलावा हें सांगत नाहीं. उदाहरणार्थ, 'पी ०१७१' या आंकड्याचा अर्थ एवढाच कीं, मिश्रणांत हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडत आहे. त्याचें कारण एखादी फाटलेली हवेची नळी असेल, अशक्त पंप असेल, मळलेला सेन्सर असेल. तापमापक ताप सांगतो, रोग सांगत नाहीं. यंत्रानें सांगितलें म्हणून अमुक बदला, असें कोणी म्हणालें तर विनयानें विचारावें : "तोच पार्ट बिघडला आहे हें कशावरून ठरविलें?" जाणत्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाहीं, उलट आपलें काम समजून घेणारें कोणी भेटलें म्हणून तो खुलून बोलूं लागतो.

तिसरी गोष्ट पैशाची आहे, आणि ती आपल्याला रुचेल असें नाहीं. आपण वैद्याला नाडी पाहण्याचे पैसे देतों, पण मिस्त्रीनें तासभर डोकें खपवून दोष शोधला तर "नुसतें पाहिलें तर होतें" असें म्हणून हात आंखडता घेतों. आपण पार्टचे पैसे देतों, शोधाचे देत नाहीं. मग मिस्त्रीनें शोध न करतां पार्ट विकला तर दोष सर्वस्वीं त्याचा कसा? तपासणीची मजुरी आधीं ठरवावी आणि दोष न सांपडला तरी ती द्यावी. माझ्या रेडिएटरच्या फजितींत मीं दिलेली मजुरी मला तेव्हां दंड वाटली होती. आज ती फी वाटते.

चौथी गोष्ट कागदाची. तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. "बॅटरी तपासणें" असें नव्हे, तर "किल्ली फिरविल्यावर कट् आवाज, दिवे मंद होत नाहींत" असें. अंदाजी खर्च लिहून घ्यावा, त्याहून अधिक काम निघाल्यास आधीं विचारावें असें सांगून ठेवावें, आणि बदललेले जुने पार्ट परत मागावे. दोष चालत्या गाडींतच जाणवत असेल तर मिस्त्रीला शेजारीं बसवून एक फेरी मारावी. दहा मिनिटांची अशी फेरी तासाभराच्या वर्णनाहून अधिक सांगून जाते.

एवढें करूनहि एखाद्या ठिकाणीं उपहासच पदरीं पडला, तर तें गॅरेज सोडावें. आणि सेवेंत खरोखरच कुचराई होऊन नुकसान झालें असेल, तर २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. तत्पूर्वीं सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवा आहे. मात्र ही शेवटची पायरी; आणि तिच्यावरहि वर सांगितलेला कागदच उपयोगीं पडतो.

पांचवी गोष्ट मी विशेषतः पुरुष श्रोत्यांना सांगतों. गाडी पत्नीची असो, मुलीची असो, सुनेची असो. ती चालविते तिला तिची नाडी ठाऊक असते. मिस्त्री तिला सोडून आपल्याकडे पाहून बोलूं लागला, तर आपण तें बोलणें स्वीकारूं नये. "यांच्याशीं बोला" हे दोन शब्द उच्चारावे आणि बाजूला व्हावें. मीं ते पहिल्याच दिवशीं उच्चारले असते तर आठ हजार रुपये वांचले असते. पण खरा हिशेब रुपयांचा नाहीं. तो त्या पावसांतील चाळीस मिनिटांचा आहे.

शेवटीं एक कबुली देतों. मी तरुण शिक्षक असतांना वर्गांत विजेचा पाठ चालला होता. वीज एका तारेनें जाते आणि दुसऱ्या तारेनें परत येते, असें मीं फळ्यावर काढून दाखविलें. मागच्या बांकावरून एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचें सायकलदुरुस्तीचें दुकान होतें. तो म्हणाला, "गुरुजी, सायकलीच्या डायनामोला एकच तार असते, तरी दिवा लागतो." मीं त्याला दरडावून खालीं बसविलें, पुस्तकांत दोन तारा होत्या, म्हणून दोनच असल्या पाहिजेत! वास्तविक त्याचें म्हणणें बरोबर होतें. सायकलीचा लोखंडी सांगाडाच तेथें परतीच्या तारेचें काम करतो. आणि मोटारीची अर्थची वायर याच तत्त्वावर चालते. त्या दिवशीं मीं "चल, सायकल आणून पाहूं या," असें म्हटलें असतें, तर वर्गाला एक उत्तम पाठ मिळाला असता, आणि मलाहि. तेव्हां मिस्त्री गिऱ्हाइकाचें ऐकत नाहीं अशी तक्रार करण्यापूर्वीं, आपण आपापल्या दुकानांत कोणाकोणाला असें खालीं बसविलें आहे, याचाहि हिशेब मांडावा हें बरें.

त्या दिवशीं गॅरेजमधून निघतांना मिस्त्रीनें सेल्फच्या मजुरीचे सातशे रुपये आपण होऊन परत केले. तो माझ्या कन्येला म्हणाला, "ताई, हें मीटर मीं पहिल्याच दिवशीं लावायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "आणि मीसुद्धां पहिल्याच दिवशीं मीटर मागायला पाहिजे होतं." त्यानें जॉबकार्ड पुढें ओढलें. त्यावर गिऱ्हाईक म्हणून आजवर माझें नांव लिहिलेलें असे. तें त्यानें खोडलें आणि तिचें नांव विचारून नीट अक्षरांत लिहिलें.